भरलेली समजून रिकामी कळशी उचलली, तेव्हापासून बाबांच्या हाताचा विचार करतेय

वाड्यातली_लेक (शनिवार पेठ)
परवा पहाटे, दिवा न लावताच ओट्यावरची पितळी कळशी उचलायला गेले. रोज ती काठोकाठ भरलेली असते. आईने रात्री रिकामी करून ठेवली होती. हात असा वर उडाला की कळशी फडताळाला आपटून पोचा आला. म्हणजे जोर किती लावायचा हे वजन कळायच्या आधीच ठरलं होतं. हे ठरवतं कोण?

विचारतेय ते बाबांसाठी. वय ७३, मधुमेह जुना, दोन वर्षांपासून बोटांची टोकं बधिर. या महिन्यात त्यांच्या हातून तीन कप फुटले. बरं, हातात जोर नाही म्हणावं तर मुंजीत कागदी कप इतका दाबला की चहा सदऱ्यावर! एका दवाखान्यात "वय झालं" एवढंच सांगून बोळवण केली. बाबांनी २२ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले आहेत. केसमधला, म्हणजे खणांच्या पेटीतला खिळा न बघता उचलायचा, सुलटा आहे की उलटा ते कळायला अंगावरची खाच बोटाने चाचपायची आणि सरळ स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, लावायचा. त्याच बोटांना कप सांभाळता येऊ नये?

हाताची_शाळा (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोथरूड)
ताई, "वय झालं" हे उत्तर मला मुळीच पटत नाही.

बोटाला वजन कळून, बातमी मेंदूत जाऊन, पकड बदलेपर्यंत थोडा का होईना वेळ जातो. तेवढं थांबायचं ठरवलं तर प्रत्येक वस्तू आपण चाचरतच उचलू. म्हणून मेंदू मागच्या वेळच्या आठवणीवर सुरुवात करतो. स्वीडनमधल्या उमेओ इथे योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. माणसांना चिमटीत एक छोटी वस्तू उचलायला दिली. तिचा पृष्ठभाग कधी रेशमी, कधी मऊ चामड्याचा, कधी खरखरीत पॉलिश पेपरचा (सँडपेपर). रेशीम घसरतं म्हणून पकड घट्ट, पॉलिश पेपरला सैल, आणि दर वेळी निसटू नये त्यापेक्षा जेमतेम जास्त. पृष्ठभाग बदलला की पहिला क्षण जुन्या पृष्ठभागाच्या हिशोबाने दाबला जायचा, मग सेकंदाच्या दहाव्या भागात बोटं चूक सुधारायची. सुधारलेला अंदाज पुढच्या वेळी कामी यायचा. पण बोटं इंजेक्शनने बधिर केली की ही सुधारणाच बिघडायची.

तुमच्या कळशीचा अंदाज चुकला, पण बोटं शाबूत आहेत, म्हणून दुसऱ्यांदा तीच कळशी उचलताना हात उडाला नसता. बाबांची आठवण शाबूत आहे, तिला ताजी बातमी मिळत नाही. हाताच्या तळव्यात आणि बोटांत स्पर्शाची बातमी नेणारे सुमारे १७,००० तंतू असतात, सर्वात दाट बोटांच्या टोकांशी. कप किंचित सरकला तरी एरवी आपल्याला कळायच्या आत पकड आवळली जाते. बाबांना ते सरकणंच कळत नाही. म्हणून बधिर बोटांची माणसं बहुतेकदा गरजेपेक्षा घट्ट धरतात. कागदी कप त्यातच चेपला. ओला कप मात्र निसटतो.

कानाचा मोठा मग घ्या, त्याला रबरी पट्टी गुंडाळा. हात आणि मग दोन्ही कोरडे हवेत. उचलताना गप्पा नकोत, नजर बोटांवर. स्पर्शाचं काम काही अंशी डोळ्यांना करू द्या. चहा कितपत गरम आहे ते दुसऱ्या कुणीतरी बघावं, त्यांना चटका उशिरा कळेल. आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना पायही दाखवा, हे टाळू नका.

मठार (कसबा पेठ)
आमचं तांबट आळीत दुकान आहे. छोटा भरीव तांब्या आणि मोठं पातळ पातेलं, काट्यावर दोन्ही सारखी. तरी गिऱ्हाईक म्हणतं, तांब्याच जड. मलाही तसंच वाटतं, रोज वजन करून सुद्धा.

हाताची_शाळा
मठार, हे शार्पांतिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८९१ मध्ये नोंदवलंय. आणि २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात दिसलं की थोड्या वेळा उचलल्यावर बोटं दोन्ही वस्तूंना सारखाच जोर लावू लागतात, मनाला मात्र लहान वस्तू जडच वाटत राहते. हाताचा हिशोब आणि मनाचा हिशोब वेगळे. मला याचं अजूनही आश्चर्य वाटतं.

वाड्यातली_लेक
मॅडम, कानाचा मोठा मग आणला, पट्टी लावली. आठ दिवसांत काही फुटलं नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, पायही दाखवणार.

काल बाबांच्या जुन्या डब्यातला एक खिळा टेबलावर ठेवला. त्यांनी हात पुढे केला आणि बोटं खिळ्याला लागायच्या आधीच बरोबर तेवढी जवळ आली. मी बघतच राहिले. खाच मात्र बोटाला लागेना. मग त्यांनी डोळे मिटले, खिळा गालावरून फिरवला आणि म्हणाले, "खाली आहे." खालीच होती.