मदत हवी आहे: शाफ्ट ००१ घ्यावा की ००६?

भुसावळकर: पोरीच्या तिरंदाजीसाठी डझनभर कार्बन शाफ्ट (बाणाच्या दांड्या) घ्यायचेत. एकाच मॉडेलचे तीन प्रकार दाखवतात: ००१, ००३, ००६. भावात बराच फरक. आत्ताचे बाण सगळे डावीकडे जातात. आज रात्री ऑर्डर टाकायचीय, पटकन सांगा.

तापीकाठ: धनुष्य रिकर्व्ह (वळलेल्या टोकांचं) की कंपाउंड (चाकांचं)? ओढ किती पाउंडाची? बाणाची लांबी?

भुसावळकर: ते तिच्या सरांना माहीत. मी ग्रेड विचारतोय.

लेथवाला: सरळपणाचे आकडे आहेत ते, इंचाच्या हजारांशात. ००६ म्हणजे फार तर ०.१५ मिमी वाकडा, ००१ म्हणजे ०.०२५. बहुतेकदा माल एकच, मोजून वेगळा काढतात. आपल्याकडे एक्स्पोर्टची केळी निवडतात ना, तसंच. कोणी पूर्ण लांबीवर मोजतं, कोणी मधल्याच भागावर, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवू नका. टोकं जास्त वाकडी असतात, जमलं तर दोन्हीकडून कापा. व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या टेकूवर) फिरवून डायल गेज (काट्याचं मोजमाप) लावा, वाकडेपणा सगळा कळतो.

सातपुडा_वारा: डायल कशाला? आमच्याकडे म्हातारे बांबूचा बाण धगीवर सरळ करतात, एक डोळा मिटून बघतात. झालं.

लेथवाला: ७० मीटरवर मारून दाखवा म्हणावं.

सातपुडा_वारा: तुम्ही या आधी, धनुष्य ओढून दाखवा.

अहिराणी_भो: बाण वाकडा नई शे भो, हात वाकडा शे 😄

जय_खान्देश: सरळ कंपाउंड घेऊन टाका, कटकट नको.

तापीकाठ: भुसावळकर, आत्ताच्या शाफ्टवर काय छापलंय तेवढं वाचा.

भुसावळकर: ५००. सरांना फोन केला. रिकर्व्ह, २८ पाउंड, बाण २७ इंच. बस?

तापीकाठ: हेच आधी सांगायचं ना राव! ५०० हा स्पाइन, म्हणजे शाफ्ट किती ताठ ते. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये ८८० ग्रॅम टांगले की शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे ५०० हजारांश वाकतो. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. २८ पाउंडाला ५०० म्हणजे पहारच, ९००च्या आसपास बघा. पोर उजव्या हाताने ओढत असेल तर ताठ बाण डावीकडेच जाणार, ००१ घेतला तरी. ००६ पुरे. फक्त डझनातले बाण वजनाला सारखे निघतात का ते तोलून पाहा.

भुसावळकर: ९००मध्ये ००३च शिल्लक होते, टाकली ऑर्डर. लेथवाले, कापायला हॅक्सॉ चालेल का?

लेथवाला: अजिबात नको! धागे फाटतील. थांबा, लिहितो.