मदत हवी आहे: 'सेकंड रेट' जहाजाला मराठीत काय म्हणू?

मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. 'लंडन' या इंग्लिश लढाऊ जहाजावर लिहितेय, १६५६चं, १६६०मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून परत आणणाऱ्या ताफ्यातलं, आणि ७ मार्च १६६५ला टेम्सच्या मुखाशी तोफांच्या दारूचा स्फोट होऊन एका झटक्यात गेलं, जवळपास ३०० माणसं मेली, तेव्हाचा आरमारी अधिकारी सॅम्युएल पीप्स, त्याच्या डायरीप्रमाणे जिवंत राहिले फक्त २४ पुरुष आणि एक बाई, फार गलबललं हो. २०१५ला त्याच्या तोफेचा लाकडी गाडा वर काढला, साडेतीनशे वर्षं चिखलात राहिलेला!

तर 'सेकंड रेट' ही तोफांच्या संख्येवरून केलेली वर्गवारी आहे, पण 'दुय्यम दर्जाचं' लिहिलं तर एवढं मोठं जहाज सुमार वाटतं, 'द्वितीय श्रेणी' म्हटलं की रेल्वेचा डबा आठवतो. आरमारातला जुना शब्द कुणाला माहितीय का?