मदत हवी आहे: प्लेरिक्साफॉरने मोकळ्या झालेल्या मूळपेशी अस्थिमज्जेत परततात कशा?

माझ्या थोरल्या भावाला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला एक रक्ताचा कर्करोग) आहे. त्याच्या स्वतःच्याच मूळपेशी (ज्यांपासून सर्व रक्तपेशी बनतात) काढून, गोठवून, मोठ्या केमोथेरपीनंतर परत देण्याचे ठरले आहे. चार दिवस जी-सीएसएफची (मूळपेशी मज्जेतून रक्तात आणणाऱ्या औषधाची) इंजेक्शने घेऊनही रक्तात पुरेशा मूळपेशी उतरल्या नाहीत, म्हणून डॉक्टरांनी प्लेरिक्साफॉर सुचवले आहे. उपचारांबद्दल शंका नाही; त्यामागचे शास्त्र मात्र एका ठिकाणी मला अडते आहे.

अस्थिमज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल१२ नावाचे केमोकाइन (पेशींना आपल्याकडे ओढणारे प्रथिन) सोडतात आणि मूळपेशींवरील सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर (पेशीवरील संदेश टिपणारे प्रथिन) ते ओळखून त्यांना तिथेच धरून ठेवतो. प्लेरिक्साफॉर हा रिसेप्टर अडवते, पकड सुटते आणि पेशी रक्तात येतात. एचआयव्हीचे काही प्रकार याच रिसेप्टरच्या आधाराने पेशीत शिरत असल्यामुळे हे औषध आधी त्या विषाणूविरुद्ध अजमावले जात होते; त्या चाचण्यांत स्वयंसेवकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी अनपेक्षितपणे वाढलेल्या दिसल्या आणि त्याचा आजचा उपयोग सापडला. (इंटरनेटवर ‘एचआयव्ही’ वाचून भाऊ चांगलाच धास्तावला होता, म्हणून मला हे सारे मुळापासून वाचावे लागले.) याच्या उलट, व्हिम सिंड्रोम या दुर्मिळ आजारात जनुकीय बदलामुळे हा रिसेप्टर वाजवीपेक्षा जास्त सक्रिय राहतो आणि मज्जा न्यूट्रोफिलांनी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) भरलेली असूनही रक्तात त्यांची टंचाई असते.

आता प्रश्न असा, की शिरेतून परत दिलेल्या मूळपेशींना मज्जेकडे नेण्यातही सीएक्ससीआर४चाच मोठा वाटा असतो. मग जो रिसेप्टर औषधाने अडवला होता, त्याच्या भरवशावर या पेशी परत घरी कशा पोहोचतात?

प्रतिसाद:
ही अडवणूक तात्पुरती असते. प्लेरिक्साफॉर रिसेप्टर नष्ट करत नाही आणि त्याला कायमचे चिकटूनही राहत नाही. शरीरातील त्याचे प्रमाण साधारण ३ ते ५ तासांत निम्मे होते, आणि पेशी परत देईपर्यंत तर बरेच दिवस उलटलेले असतात. ज्या चाचण्यांवरून २००८ मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली, त्यांत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांचे न्यूट्रोफिल सावरायला जवळपास सारखेच दिवस लागले होते. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा: हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि मायलोमात मूत्रपिंडे अनेकदा दुखावलेली असतात, तेव्हा भावाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील घटक) पाहून मात्रा कमी करावी लागणार आहे का?