बिडी वळणाऱ्या बायकांच्या दुखण्यावर पीएचडी, नोकरी सांभाळून जमेल का?

निपाणीची सिस्टर:
कम्युनिटी हेल्थमध्ये एम.एस्सी. नर्सिंग, ५८ टक्के. सध्या कॉलेजात शिकवते. आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, पानं कापून अंगठ्याला कात्रीचा घट्टा, उठताना भिंत धरायची. अशा बायकांच्या दुखण्यावरच काम करायचंय. एका गाईडना भेटले, तर म्हणाले, "विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटा, लवकर सुटाल." बसमध्ये रडूच आलं. नोकरी सोडणं परवडत नाही. दहावीपर्यंत मराठी शाळा, इंग्रजी लिहिताना अडखळते. काय करू सांगा.

खानापूरची अक्का:
विषय सोडू नका! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पार्ट-टाइमला मुभा आहे. कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं, त्यात अभ्यासाला वेळ देऊ असं लिहून घ्या. एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात, तुमचे आहेत. मुदत ३ ते ६ वर्षं, बायकांना २ वर्षं जास्तीची सवलत मिळते.

खरा वेळ जातो तो प्रश्नावलीत. हाडं-स्नायूंच्या दुखण्याची नॉर्डिक प्रश्नावली बघा, १९८७ ची. शरीराचे ९ भाग घेऊन गेल्या १२ महिन्यांचं नि ७ दिवसांचं दुखणं विचारते. माझ्या कामात मी मराठीत 'बधीरपणा' लिहिलेलं. एक मावशी म्हणाली, "तसलं काय नाही बाई. हाताला मुंग्या येतात, रात्रभर झटकत बसते." म्हणजे कागदावर 'नाही' गेलं असतं! कन्नड बायका त्यालाच जोमु म्हणतात. 'बारा महिने' म्हटलं की गोंधळतात. 'गेल्या यल्लम्माच्या जत्रेपासून' म्हटलं की नेमकं सांगतात. आपल्या भागात मराठी नि कन्नड, दोन्ही प्रती हव्यातच. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून त्या परत इंग्रजीत करून घ्या, चूक तिथं सापडते. संमतीपत्रही दोन्ही भाषांत एथिक्स कमिटीला (संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीती समितीला) द्या. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा साक्षीदारासमोर.

बेळगावहून:
इंग्रजीला भिऊ नका. आधी मराठीत लिहून काढा, विचार तरी पक्का होतो. बेळगावात केएलई संस्थेचं केएएचईआर हे विद्यापीठ आहे, बेंगळुरूला राजीव गांधी आरोग्य विद्यापीठ. दोन्हीकडचे प्रवेशाचे नियम वाचा. गाईड दुसरा मिळतो, तुमच्या आईसारखा विषय मिळत नाही.

निपाणीची सिस्टर:
आत्ताच आईला विचारलं, हाताला मुंग्या येतात का. म्हणाली, "मुंग्या न्हाईत गं, बोटं झोपतात." वहीत पहिल्या पानावर तेच लिहिलंय.