रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला स्मार्ट चष्मा हवा की नको?

दूरदृष्टी : १०८ च्या प्रत्येक डॉक्टरला कॅमेऱ्याचा स्मार्ट चष्मा द्यावा, म्हणजे मुंबई-पुण्याचा तज्ज्ञ रुग्ण प्रत्यक्ष पाहून सूचना देईल आणि गाडीतल्या अर्धशिक्षित माणसावर विसंबावे लागणार नाही. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात २०१४ मध्येच गूगल ग्लास वापरली गेली; आपण अजून फोनवर "पेशंट कसा आहे?" असेच विचारत बसलो आहोत.

घाटमाथा : बॉस्टनचा दाखला देताना पुढचे सोयीस्करपणे गाळलेत. त्या चष्म्याची विक्री गूगलनेच मार्च २०२३ मध्ये थांबवली. मण्यार चावलेला रुग्ण घ्या. दंशाच्या जागी बहुधा सूजही नसते. पापण्या जड होतात, मान सावरत नाही आणि मग श्वास जातो. हे ओळखायला रुग्णाला "वर बघ" म्हणावे लागते, चष्मा लागत नाही. पुढे लागते ती सर्पदंशाची लस, श्वासनलिकेत नळी घालणारा सराईत हात आणि श्वास देण्यासाठी हाताने दाबत राहायची अंबू बॅग. घोणस असेल तर रक्त गोठते का हे कळण्यासाठी ते कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून मग ती तिरपी करून पाहायची असते; प्लास्टिकची नळी चालत नाही, आणि आमच्याकडे नेमकी काचेचीच संपलेली असते. घाटात रेंज जाते ते वेगळेच.

कोकणपट्टा : रेंजचे रडगाणे पुरे. माझ्या मामांना छातीत दुखू लागले म्हणून गाडीतून नेत होते, तेव्हा डॉक्टर एका हाताने फोन धरून वरिष्ठांना मॉनिटर दाखवत होते आणि दुसऱ्या हाताने सलाईन सांभाळत होते. शेवटी फोन मी धरला आणि माझा हात इतका कापत होता की पलीकडच्यांना काही दिसेना. दोन्ही हात मोकळे राहणे ही चैन नव्हे.

घाटमाथा : हात मोकळे राहतात, एवढे मान्य. पण गोव्यात २०१८ पासून स्टेमी (हृदयविकाराचा गंभीर झटका) प्रकल्पात लहान रुग्णालयातला ईसीजी दुरून तपासला जातो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. तिथे काम झाले ते ईसीजीच्या पट्टीवर आणि हाताशी असलेल्या औषधावर.

गाडीतला वैद्य : "अर्धशिक्षित" या शब्दाबद्दल बोलायचे आहे. मी बीएएमएस आहे आणि १०८ वर काम करतो. उलट्या दिशेने निघालेले बाळ धावत्या गाडीत सुखरूप बाहेर काढले, तेव्हा माझी पदवी कोणी विचारली नाही. मोठ्या रुग्णालयात मात्र निवासी डॉक्टर माझी चिठ्ठी न वाचताच "कोणी पाठवलं हे?" असे विचारतो. समोर असताना जो माझे ऐकत नाही, तो चष्म्यातून माझ्याशी कसा बोलेल?

शंकासुर : भावना बाजूला ठेवू. आयुर्वेदाच्या पदवीवर ॲड्रेनॅलिन टोचणे आम्ही का मान्य करावे?

गाडीतला वैद्य : मान्य करू नका. रात्री २ वाजता आडगावी एमबीबीएस घेऊन या, मी खाली उतरतो.

शंकासुर : ही अरेरावी झाली, उत्तर नव्हे.

कोकणपट्टा : पदव्यांचे भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. मामांच्या वेळी डॉक्टरांची पदवीही कोणी विचारली नव्हती.

दूरदृष्टी : शब्द कडक गेला, मागे घेतो. चष्म्याऐवजी काचेच्या नळ्यांसाठी आंदोलन करू, झाले समाधान?

गाडीतला वैद्य : नळ्या आल्या तर आनंदच आहे. चष्म्याचा प्रयोग माझ्या गाडीत खुशाल करा. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला, तरी उपचारांची जबाबदारी रुग्णाजवळच्या डॉक्टरचीच राहते. म्हणजे सांगणारा मोकळा आणि टोचणारा अडकलेला. पलीकडच्या तज्ज्ञाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सूचनेची वेळ माझ्या केसपेपरवर चढणार असेल, तर चष्मा उद्याच पाठवा.