मदत हवी आहे: १९६९ ची एमजीबी, पेट्रोल गळतंय, पण नेमकं कुठून?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात, वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो. माझ्याकडे १९६९ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग), जवळजवळ सगळं मूळचं. हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढली तेव्हापासून पेट्रोलचा वास येतोय. गॅरेज घराला लागून आहे, वास थेट स्वयंपाकघरात पोचतो. घरात लहान मुलं आहेत, गॅसचा बॉयलरही तिथेच. म्हणून गाडी बाहेर उघड्यावर ठेवली आहे, बॅटरीची केबल सोडवली आहे, आणि गळती बंद होईपर्यंत ती चालवणार नाही.

आतापर्यंत तपासलं ते असं. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली की टाकीतून पेट्रोल ओढणारा मागचा एसयू पंप टिकटिक करतो. दोन्ही फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कुप्या) भरले की तो गप्प व्हायला हवा. माझा मंदावतो, पण थांबत नाही, दर काही सेकंदांनी एक ठोका देतच राहतो. बॉनेटखाली कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी क्लिपजवळ ओलसर लागते. तिच्यावर सुती विणीचं आवरण असल्याने आतल्या रबराला भेगा आहेत का ते दिसत नाही, मात्र नळी जरा वाकवली की विणीतून थेंब डोकावतो. शिवाय गाडीखाली, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे पंपापाशीही डाग आहे. तिथे ग्रीस आणि अंडरसीलचा (गंज रोखणाऱ्या लेपाचा) इतका थर आहे की डाग ताजा की जुना ते कळत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी बॉनेटखालच्या थेंबाची वाटते. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारे पाइप) एकाच बाजूला आहेत. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा आहे, पण पेट्रोलने तापलेला पाइप गाठायला किती वेळ लागतो? चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे एमओटीची (दरवर्षीच्या सक्तीच्या वाहन तपासणीची) सक्ती नाही, त्यामुळे वर्षातून एकदा कुणी परका माणूस खाली वाकून बघेल अशीही सोय नाही.

आणखी एक कोडं आहे. ही नळी आधीच्या मालकांनी फार जुन्या काळी नाही, अलीकडेच बदलली होती, पावती फाइलमध्ये आहे. मग इतक्यात कशी गेली? सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं झालं. मी पाच टक्क्यांपर्यंतचं महागडं ई५ भरतो, पण आधी टाकीत काय जात होतं माहीत नाही. नवी नळी कुठल्या दर्जाची घेऊ? ओली आहे तेवढीच बदलू की टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या? माझा कल सगळ्या बदलण्याकडे आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

लीड्सकर:
सगळ्याच बदला. एक नळी त्या पेट्रोलने खाल्ली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. दर्जा नळीवरच छापलेला असतो. आर६ घेऊ नका, ती इथेनॉलसाठी नाही. आर९ किंवा आर१४ घ्या, आणि विणीचं आवरण नसलेली, म्हणजे भेग पडली तर दिसेल. स्टीलच्या जाळीची नळी देखणी असते, पण तीही आतलं रबर लपवते.

त्याआधी एक चाचणी करा. कार्ब्युरेटरच्या अगदी अलीकडे नळी बोथट चिमट्याने दाबा आणि किल्ली फिरवा. ओली नळी चाचणीत फुटू शकते, तेव्हा खाली फडकं आणि हाताशी अग्निशामक हवाच. पंप गप्प झाला तर दोष चिमट्याच्या पुढे, बहुधा फ्लोटच्या सुईत (चेंबर भरला की पेट्रोल अडवते ती). तसं असेल तर ओव्हरफ्लोच्या नळीचं टोकही ओलं सापडेल. टिकटिक चालूच राहिली तर गळती अलीकडे, नाहीतर पंपाची झडप पेट्रोल मागे सोडते आहे. अर्ध्या मिनिटात एखादा ठोका पडला तर मी मनावर घेत नाही.

जुनी नळी ओढून काढू नका, उभी चिरा. फ्लोटच्या झाकणाची तोटी नाजूक असते, वाकली तर नवं झाकण घ्यावं लागेल. क्लिपा कड दुमडलेल्या घ्या, भोकांच्या पट्टीच्या क्लिपा रबर कापतात. आणि गाडीखालून काम करायच्या खड्ड्यात उतरून काम करू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते.

जुन्या_फियाटचा_मालक:
पुण्याहून लिहितोय. इथे आता पेट्रोल पंपावर ई२० मिळतं, माझ्या जुन्या फियाट ११०० च्या नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या. नळ्यांबरोबर गाडीतल्या पंपाचा डायफ्रामही (आतला लवचिक पडदा) बघून घ्या असं सांगेन.

धागाकर्ता:
लीड्सकर, मनापासून आभार. चिमटा लावून पाहिला, ठोके चालूच राहिले. पंपापाशी सगळं पुसून कोरडं केलं, खाली पांढरा कागद ठेवला, तर तोही ओला झाला. म्हणजे दोन ठिकाणी गळतंय. टाकी जवळजवळ रिकामी करून घेतली आहे, सगळ्या रबरी नळ्या आर९ च्या मागवल्या आहेत. आता प्रश्न जमिनीलगतच्या स्टीलच्या लांब पाइपचा. अँगलपाशी गंजाचे पापुद्रे सुटताहेत, पण अजून भोक नाही. हाही आत्ताच बदलू का? बदलायचा तर स्टीलचाच, की ब्रेकच्या पाइपला वापरतात त्या तांबे-निकेलचा?

लीड्सकर:
पापुद्रे सुटत असतील तर थांबू नका. तांबे-निकेलचाच घ्या. तो गंजत नाही आणि हाताने वळतो. मूळ क्लिपांमध्येच बसवा, आणि रबर जिथे चढतं त्या टोकांना कड उठवून घ्या, नाहीतर नळी घसरते. मी कड उठवण्याचं हत्यार पोस्टाने पाठवू शकतो, व्यक्तिगत निरोप करा.