रेडिएशननंतर आतड्याचं अस्तर परत येतं तरी कुठून? (आईसाठी विचारतेय)

डिचोलीची लेक:
आई ६२ वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर २५ वेळा रेडिएशन झालं, शेवटचं होऊन आज नऊ दिवस झाले. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले, ते अजून दिवसाला सहा-सात वेळा होतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. म्हणाले, आतड्याचं अस्तर झिजलंय, काही आठवड्यांत आपोआप भरून येईल. पण रेडिएशन भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं म्हणतात ना? मग अस्तर वाढवणाऱ्या पेशीच मेल्या असतील तर नवीन कुठून येणार? शिवाय दुधाचा चहा घेतला की थोड्या वेळात मुरडा येतो. आधी असं कधीच नव्हतं. रात्री तिच्या खोलीबाहेर बसले की हेच डोक्यात फिरतं.

पेडणेकर:
माझ्या मावशीचंही असंच झालं होतं. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, थोडी थोडी दिवसभर. तिला बरं वाटायला महिना लागला. धीर सोडू नका.

कुळागर_फोंडा:
ताई, मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, चार मायक्रॉनच्या चकत्या कापायच्या, रंगवून काचेवर घ्यायच्या, हे माझं रोजचं काम. लहान आतड्याची चांगली स्लाइड आजही डोळ्यांपुढे आहे. वर बोटांसारखे रसांकुर आणि त्यांच्या बुडाशी चाचणी-नळीसारखे अरुंद खळगे. खळग्याच्या तळाला पॅनेथ पेशी असतात, आत लालभडक दाणे भरलेल्या, त्या लगेच ओळखू येतात. त्यांच्या मधल्या फटीत बारीक, चिमटल्यासारख्या पेशी असतात. नवख्याला त्या दिसतही नाहीत. त्याच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

१९७४ साली चेंग आणि लेब्लाँ यांनी सांगितलं होतं की अस्तर याच पेशींपासून येत असावं. पुरावा मिळाला २००७ मध्ये, हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत. एलजीआर-५ नावाच्या खुणेवरून या पेशी ओळखता आल्या आणि त्यांची संतती उंदराच्या आतड्यात माग काढत पाहता आली. या स्टेम सेल. उंदराच्या एका खळग्यात त्या पंधराएक असतात आणि साधारण दिवसाला एकदा विभागतात. नवी पेशी खालून वर सरकत जाते, रसांकुराच्या टोकाला पोचते आणि गळून पडते. सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. म्हणजे तुमचं-माझं अस्तर आठवड्याच्या आत नवं होत असतं.

रेडिएशन चालू असताना वरचं गळणं थांबत नाही, खालून पुरवठा मात्र तुटतो. रसांकुर आखूड होतात, पाणी नीट शोषलं जात नाही, म्हणून जुलाब. तुम्ही म्हणता ते खरं आहे, विभागणाऱ्या स्टेम सेल मोठ्या संख्येने मरतात. पण एखादी तगली तरी तिच्यापासून तो खळगा पुन्हा भरतो. १९७० मध्ये विदर्स आणि एलकाइंड यांनी रेडिएशन दिलेल्या उंदरांत वाचलेल्या खळग्यांची मोजणी केली ती याच आधारावर. आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढची. स्टेम सेलच्या संततीतल्या, वर निघालेल्या अर्ध्या तयार पेशी जागा रिकामी झाली की मागे फिरतात आणि पुन्हा स्टेम सेल होतात. २०१२ पासून उंदरांवरच्या प्रयोगांत हे वेगवेगळ्या प्रकारे दिसलं आहे. शिवाय वाचलेला खळगा दुभंगून एकाचे दोन होतात आणि मेलेल्या शेजाऱ्याची जागा भरतात. आमच्या कुळागरात घड काढल्यावर केळीचा खांब तोडतो, तेव्हा जमिनीतला गड्डा जिवंत असला की बाजूने पिलं येतातच. मला तर तेच आठवतं.

दुधाचं कारणही इथेच आहे. दूध पचवणारं लॅक्टेज रसांकुरावरच्या पूर्ण वाढलेल्या पेशींत असतं. आत्ता तिथे कोवळ्या पेशी आहेत. म्हणून काही दिवस चहा कोराच द्या.

रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच दवाखान्यात न्या. आणि पुढे काही महिन्यांनी, वर्षांनीही, त्रास नव्याने सुरू झाला तर डॉक्टरांना रेडिएशनचं आवर्जून सांगा. तो त्रास वेगळा असतो, रक्तवाहिन्या आणि आतड्याची भिंत कडक झाल्याचा. तो आपोआप भरून येईल असं धरून बसू नये.

सत्तरीचा_भाऊ:
आमच्या ओळखीचे एक जण स्टेम सेलची पावडर विकतात, पाण्यातून घ्यायची. चालेल का?

कुळागर_फोंडा:
नको हो, कृपा करून नको. पेशी गिळली की पोटातलं आम्ल आणि पाचकरस तिला इतर अन्नासारखंच पचवतात. ती खळग्याच्या तळाशी जाऊन बसत नाही. जपानमध्ये २०१२ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशी उंदरांच्या जखमी मोठ्या आतड्यात रुजवल्या, पण त्या थेट गुदद्वारातून सोडून. पावडरचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजारी माणसाच्या घरच्यांकडून असे पैसे काढतात, याचा मला फार संताप येतो.

डिचोलीची लेक:
काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. केळीच्या पिलांजवळ थांबवून तो भाग पुन्हा वाचायला लावला. परवापासून कोरा चहा आणि पेज चालू आहे, मुरडा नाही. आज संध्याकाळपर्यंत तीनदा झाले. बुधवारी तपासणीला न्यायचंय, लॅक्टेजचं तिथेही विचारते.